सत्तरीतल्या बंद घराचा भोंगा फोंड्यात ऐकू यावा म्हणून: डायलर जोडण्याच्या नोंदी

12 एप्रिल 2025, शनिवार

घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे, वाड्याच्या टोकाला आहे. चिऱ्याच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौले, मागे काजूची बाग. आई गेल्या दिवाळीत पडवीच्या पायरीवर घसरली, तेव्हापासून ती आमच्याकडे फोंड्याला असते आणि घर फक्त शनिवार-रविवारी उघडते. सध्या हंगाम आहे, माजघरात काजूबियांची पोती रचलेली आहेत. देवघरात आजीच्या लग्नातल्या समया आहेत. मार्चमध्ये पलीकडच्या वाड्यावर एका बंद घरातून पितळेची भांडी गेली. त्या घरालाही भोंगा होता आणि तो वाजलाही, पण ऐकायला जवळपास कोणीच नव्हते. म्हणून हे काम हाती घेतले.

आमच्या घरात तारांचा अलार्म 2013 पासून आहे. झोन 1 पुढचे दार, झोन 2 मागचे दार, झोन 3 माजघरातला पीआयआर, म्हणजे माणसाची हालचाल टिपणारा सेन्सर. पॅनलमध्ये टेलिफोनवरून नंबर फिरवणारा डायलर आहे, पण तो लँडलाईनवर चालतो आणि ती लाईन आम्ही कधीच परत केली. सिमकार्डवाले नवे पॅनल घ्या, असे दुकानात सुचवले गेले. पण सेन्सर चांगले आहेत, तारा भिंतीतून नीट नेलेल्या आहेत. नाही ती फक्त बाहेर कळवण्याची सोय. तेवढीच जोडायची ठरवली.

आज पॅनल उघडून फोटो काढले आणि प्रत्येक तारेला चिठ्ठी लावली. हे आधी करा. पुढे तीन वेळा मला त्या चिठ्ठ्यांनी वाचवले. चार्जिंगचे व्होल्टेज 13.7, बॅटरी सोडवून मोजली तर 12.7. बॅटरी ठीक आहे असे लिहून ठेवले. (नंतर घातलेली ओळ: हे चुकीचे होते. 1 जूनची नोंद वाचा.)

13 एप्रिल, रविवार

सामान: सिमकार्ड घालून फोन लावणारा सिम800एल मॉड्यूल 390 रुपये, त्याला आदेश देणारा, प्रोग्राम घालायचा छोटा बोर्ड आर्दुइनो नॅनो 300, व्होल्टेज उतरवायचा बक कन्व्हर्टर 90. सिम800एलच्या छोट्या बोर्डावर मायक्रो सिमची खाच असते. माझे कार्ड त्याहून लहान, नॅनो सिम, ते आत घसरून वाकडे बसले. अडॅप्टर आणायला वाळपईला जाऊन आलो.

मग घरात पडून असलेले जिओचे कार्ड घातले. एटी+सीआरईजी? (मोबाईलचे जाळे मिळाले का, हे मॉड्यूलला विचारायचा आदेश) विचारले की दर वेळी उत्तर 0,2 म्हणजे ‘शोधतो आहे’. दोन तास मी अँटेना हलवत राहिलो. कारण साधे होते. सिम800एलला फक्त 2जी कळते आणि जिओचे जाळे पहिल्यापासून 4जीचे आहे, त्यात 2जी नाहीच. मॉड्यूल घेण्याआधी मी हे बघायला हवे होते. दुसऱ्या कंपनीचे, 2जी चालणारे कार्ड घातल्यावर मिनिटाभरात 0,1 आले.

20 एप्रिल, रविवार

आजचा सगळा दिवस एका लुकलुकणाऱ्या दिव्याने खाल्ला. मॉड्यूलवरचा दिवा जाळे शोधताना साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो आणि जाळे मिळाले की तीन सेकंदांनी एकदा. तो तीन सेकंदांवर यायचा, मी कॉल लावायचा आदेश द्यायचो, दिवा क्षणभर विझायचा आणि पुन्हा सेकंदावर यायचा. म्हणजे मॉड्यूल बंद पडून नव्याने सुरू होत होता. प्रोग्राममध्ये चूक शोधण्यात चार तास गेले.

चूक विजेच्या पुरवठ्यात होती. मॉड्यूलला 3.4 ते 4.4 व्होल्ट लागतात. मी कन्व्हर्टर 4.0 वर ठेवला होता आणि मीटरही 4.0 दाखवत होता. पण 2जीचा फोन बोलतो तो सलग नाही. सेकंदाला 217 वेळा, अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ, तो 2 अँपियरपर्यंत करंट ओढतो. तेवढ्या वेळापुरते व्होल्टेज कोसळते आणि साध्या मीटरला ते दिसत नाही. माझ्या ब्रेडबोर्डच्या केसासारख्या तारा वीतभर लांब होत्या.

उपाय: ब्रेडबोर्ड काढून टाकला, जाड तारा बोटभर लांबीच्या ठेवून डाग दिले आणि मॉड्यूलच्या पायांना अगदी लगटून 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. कपॅसिटर कन्व्हर्टरच्या बाजूला लावून पाहिला तर उपयोग झाला नाही, तो मॉड्यूलपाशीच हवा. त्यानंतर सलग दहा कॉल लागले.

27 एप्रिल, रविवार

आता पॅनलने डायलरला ‘चोर आला’ हे सांगायचे. सायरनच्या दोन तारांवरून खूण घ्यायची आणि मध्ये पीसी817 ऑप्टोकपलर, म्हणजे तारेऐवजी प्रकाशाने खूण पलीकडे देणारी चिप, ठेवायचा, म्हणजे पॅनलची वीज आणि डायलरची वीज एकमेकींत मिसळत नाही.

मी धरून चाललो की सायरनच्या लाल तारेवर अलार्मच्या वेळीच वीज येत असणार. लाल तार आणि पॅनलचा ग्राउंड यांच्यामध्ये ऑप्टो जोडला आणि जोडताक्षणी डायलरने बायकोला फोन लावला. काढून पुन्हा जोडला, पुन्हा फोन. मीटर लावला तेव्हा कळले की लाल तारेवर 13.7 व्होल्ट कायमच असतात आणि पॅनल काळी तार जोडतो-तोडतो. बऱ्याच पॅनलमध्ये असेच असते. मग लाल तारेतून 2.2 किलोओहमचा रेझिस्टर, त्यातून ऑप्टो आणि पुढे काळी तार, असे जोडले. अलार्म वाजताना ऑप्टोतून साडेपाच मिलिअँपियर जातात, ते पुरेसे आहेत.

दुसरी गोष्ट: अलार्म लावताना आणि काढताना सायरन एक ‘टुक’ देतो. डायलर त्यालाही चोर समजत होता. खूण सलग तीन सेकंद टिकली तरच फोन लावायचा, असा बदल केला.

4 मे, रविवार

पहिली खरी चाचणी. यादीत पहिला नंबर शेजारच्या काकींचा, दुसरा माझा, तिसरा भावाचा, तो पर्वरीला असतो. पहिल्यांदा मी माझा नंबर वर ठेवला होता. पण फोंड्याहून घरी पोचायला मला तास लागतो आणि काकींच्या पडवीतून आमचे पुढचे दार दिसते. 112 हा नंबर यादीत मुद्दाम घातला नाही. मुका यंत्र-कॉल तिकडे जाऊन खऱ्या अडचणीतल्या माणसाची लाईन अडू नये. पोलिसांना माणसाने फोन करावा, काय दिसते ते सांगून.

दार उघडले, सायरन वाजला, वीस सेकंदांत काकींचा फोन वाजला. मी धावत त्यांच्याकडे गेलो तर त्या फोन कानाला लावून उभ्या. ‘‘फोन वाजलो, पूण कोण उलयना,’’ म्हणाल्या. माझा कॉल मुका होता. काकींचा फोन बटणांचा आहे, एसएमएस त्या वाचत नाहीत. रात्री दोन वाजता अनोळखी नंबरावरून मुका फोन आला तर कोणीही तो ठेवूनच देईल.

बोलणारी चिप घालायचा विचार होता, पण त्याहून सोपे सापडले. मॉड्यूलला माइकची जोडणी असते. तिथे 15 रुपयांचा माइक लावला आणि तो माजघरात, सायरनपासून दूर ठेवला. सायरनजवळ ठेवला तर नुसता फाटलेला आवाज येतो. आता फोन उचलला की आमच्या घरातला भोंगा थेट कानात ऐकू येतो. काकींनी दुसऱ्या चाचणीत फोन उचलला आणि लगेच म्हणाल्या, ‘‘घर वाजता रे तुजें, पुता!’’ नेमके हेच हवे होते.

सगळ्यांच्या फोनमध्ये हा नंबर ‘गावचे घर’ नावाने घातला, वेगळी रिंगटोन लावली आणि रात्री आवाज बंद ठेवणाऱ्या फोनमध्ये याला सूट दिली. हे करायला पाच मिनिटे लागतात. टाळू नका.

11 मे, रविवार

काल रात्री 2 वाजून 10 मिनिटांनी अलार्म वाजला. काकींना फोन गेला, त्यांनी दिवा लावला आणि काका कोयता घेऊन घराभोवती फिरून आले. मी पोचेपर्यंत साडेतीन झाले. कोणी नव्हते. पहाटे पुन्हा वाजला.

काका एकटे अंधारात गेले, याचा मला फार त्रास झाला. माझ्या यंत्राच्या भरवशावर एक सत्तरीच्या वयाचा माणूस कोयता घेऊन बाहेर पडला. आज दोघांसमोर बसून ठरवले: फोन आला की त्यांनी फक्त पडवीतला दिवा लावायचा, आपल्या दारातून बघायचे आणि मला फोन करायचा. आमच्या अंगणात यायचे नाही.

मग कारण शोधायला बसलो. दोन्ही वेळा झोन 3. पीआयआरवर पाल चढली असेल म्हणून तो पुसला, वरच्या फटी बंद केल्या. दुपारी पुन्हा वाजला, तेव्हा मी समोरच बसलो होतो आणि पाल नव्हती. पॅनलच्या आठवणीतल्या वेळा कागदावर मांडल्या तर त्यांत ठराविक अंतर दिसले. पाल घड्याळ बघून चालत नाही. ठराविक वेळाने काही करत होता तो माझा मॉड्यूल. तो अधूनमधून टॉवरला हजेरी देतो.

आईचा जुना ट्रान्झिस्टर डब्याशेजारी ठेवला आणि वाट बघितली. हजेरीच्या वेळी त्यातून टर्र-टर्र, टर्र-टर्र असा आवाज आला आणि त्याच क्षणी झोन 3 चा दिवा लागला. अँटेना मी पॅनलच्या डब्यातच, झोनच्या तारांना चिकटून ठेवली होती. त्यात चिऱ्याच्या भिंतीआड रेंज कमी, एटी+सीएसक्यू या रेंज विचारायच्या आदेशाचे उत्तर 7, म्हणजे उणे 99 डीबीएम. रेंज कमी असली की मॉड्यूल पूर्ण ताकदीने ओरडतो, 900 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात 2 वॉटपर्यंत. पीआयआरची तार त्याची अँटेना झाली होती.

18 मे, रविवार

अँटेना फक्त लांब नेली असती तरी भागले असते. पण पुरवठा आणि हा गोंगाट, दोन्हींचे मूळ 2जीच्या त्या धक्क्यांत आहे, म्हणून मॉड्यूलच बदलला. 4जीचा ए7672एस बोर्ड, 1,750 रुपये. 4जीचा फोन जास्तीत जास्त 0.2 वॉटने बोलतो, म्हणजे दहावा हिस्सा. जिओच्या 3, 5 आणि 40 या बँडवर तो चालतो, तेव्हा घरातले जुने कार्डही कामी आले. आमच्या वाड्यावर त्याचीच रेंज बरी आहे.

नव्या मॉड्यूलने दोन गोष्टींत वेळ घेतला. तो 115200 च्या वेगाने बोलतो आणि आर्दुइनो नॅनोच्या साध्या पायांवर तो वेग झेपत नाही, अक्षरे गळतात. एटी+आयपीआरने वेग 9600 केला, पण वीज गेली की तो पुन्हा जुन्यावर. एटी+आयपीआरईएक्सने केलेला बदल टिकतो. दुसरे, जाळे मिळाले का हे आता सीआरईजीऐवजी सीईआरईजीला विचारायचे.

अँटेना तीन मीटरच्या केबलवर पडवीच्या वाशाला, कौलांच्या आत बांधली. केबलसह 420 रुपये. सीएसक्यू 7 वरून 17. ट्रान्झिस्टर शेजारी ठेवून वीस कॉल केले. टर्र आली नाही, झोन 3 गप्प राहिला.

25 मे, रविवार

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. वीज गेली की कळावे म्हणून मी मोबाईलचा जुना चार्जर आणि आणखी एक ऑप्टो लावून ‘वीज गेली’, ‘वीज आली’ असे एसएमएस पाठवायची सोय केली होती. शुक्रवारी रात्री 46 एसएमएस आले. सत्तरीतल्या पावसात वीज किती वेळा डोळे मिचकावते, हे मी विसरलो होतो. सेहेचाळिसाव्यानंतर मी फोन उलटा ठेवून झोपलो. त्या वेळी खरा फोन आला असता तर? म्हणून आता अर्धा तास सलग वीज नसेल तरच एक एसएमएस.

1 जून, रविवार

मेन स्विच पाडून बॅटरीवर किती चालते ते बघितले. पॅनल, सेन्सर, डायलर मिळून 160 मिलिअँपियर. बॅटरी 7 अँपियर-तासाची, म्हणजे कागदावर चाळीसेक तास. प्रत्यक्षात एक तास चाळीस मिनिटांत पॅनल रडू लागला. सायरन वाजवला तर व्होल्टेज 9 वर कोसळले आणि डायलर बंद. बॅटरीवर छापलेली तारीख 2019 ची. नुसत्या मीटरने 12.7 दिसणे म्हणजे बॅटरी चांगली असणे नव्हे, भार टाकूनच बघावे लागते. ज्या रात्री वीज नसते, त्याच रात्री हे यंत्र लागणार आहे, आणि मी दीड महिना मेलेल्या बॅटरीवर विसंबून होतो.

नवी बॅटरी 1,200 रुपये. नंतर घातलेली ओळ: पुढच्या शनिवारी दुपारी बारापासून रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत, 29 तास, वीज बंद ठेवून चाचणी केली. शेवटी 11.9 व्होल्ट होते. त्यावर सायरन वाजवला, कॉल लागला.

15 जून, रविवार

डायलर रोज सकाळी सातला मला ‘ठीक’ असा एक एसएमएस पाठवतो, सोबत बॅटरीचे व्होल्टेज आणि सीएसक्यू. एसएमएस आला नाही की काहीतरी बिघडले. काल व्यवस्थित आला, आज नाही. घरी गेलो, सगळे दिवे ठीक. 18 मे रोजी 28 दिवसांचा रिचार्ज केला होता, तो संपला. कॉल बाहेर जात नव्हते.

डायलरला डेटा लागत नाही. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज ठेवायला लावले आणि मुदतीची मर्यादा 365 दिवसांपर्यंत वाढवली. तसाच लांब मुदतीचा घेतला. संपायची तारीख पॅनलच्या दारावर आतून लिहिली आणि आईच्या कालनिर्णयावरही.

22 जून, रविवार

गुरुवारी पुन्हा ‘ठीक’ आला नाही. काकींना फोन लागेना. भावाने वाळपईतल्या ओळखीच्या माणसाला विचारले, तर आदल्या दुपारपासून त्या भागात वीज नव्हती आणि टॉवरही बसला होता. आमची बॅटरी चालू होती, पण ऐकायला टॉवरच नाही. यावर माझ्याकडे उपाय नाही. फक्त ते कळते, आणि कळल्यावर कोणाला तरी बघायला पाठवता येते.

डायलरचा डबा उघडला तर बारीक तांबड्या मुंग्या अंडी घेऊन कन्व्हर्टरवर बसलेल्या. तिथे ऊब असते. ब्रशने झाडले, तारांच्या भोकांत एम-सील भरले, तळाशी पाणी निघायला ठेवलेल्या भोकाला बारीक जाळी लावली.

6 जुलै, रविवार

डायलरला कसे कळावे की माणसाने फोन घेतला? ‘ग्राहक व्याप्त क्षेत्राबाहेर आहे’ ही बाई बोलली तरी त्याला वाटते कोणीतरी उचलले. म्हणून असे केले: तो यादी फिरवत राहतो, तीन फेऱ्या. ज्याला कळले त्याने फोन ठेवून डायलरला एक मिस्ड कॉल द्यायचा. तो आला की फेरी थांबते आणि बाकीच्यांना ‘काकींना कळले’ असा एसएमएस जातो. मिस्ड कॉल कसा द्यायचा हे काकींना शिकवावे लागले नाही.

पहिल्या दिवशी थांबला नाही. मी यादीत नंबर शून्य लावून लिहिले होते आणि कोणाचा फोन आला ते दाखवणारा एटी+सीएलआयपी आदेश नंबर +91 लावून दाखवतो. आता दोन्हींचे फक्त शेवटचे दहा आकडे जुळवतो.

खर्च मांडला: मॉड्यूल, अँटेना, नॅनो, दोन कन्व्हर्टर, बॅटरी, डबा, किरकोळ सामान आणि वाया गेलेला सिम800एल धरून 4,610 रुपये. पेट्रोल आणि रिचार्ज वेगळे. माझा अंदाज होता दोन रविवार, लागले अकरा.

31 ऑगस्ट, रविवार

गणेश चवथीचे पाच दिवस घर भरलेले होते. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या चौकटीच्या, फळांभोवती मुले नाचत असताना झोन 3 बंद ठेवावा लागला, एवढेच. आज विसर्जन झाले. भाऊ पर्वरीला गेला, आईने देवघराचे दार ओढले, समया कापडात बांधून पेटीत ठेवल्या. मी अलार्म लावला आणि आम्ही गाडीत बसलो.

आईला हे यंत्र वाजताना बघायचे होते. वाड्याच्या वळणावर गाडी थांबवली, मी मागे जाऊन मागचे दार ढकलले. सायरन सुरू झाला. काकींच्या पडवीतला दिवा लागला. काका दारातच उभे होते, बाहेर आले नाहीत. गाडीत आईच्या हातात माझा फोन होता. त्यावर एसएमएस आला: काकींना कळले. भोंगा सुरू झाल्यापासून 41 सेकंद.

उरलेले काम: पुढच्या दाराच्या चुंबकी स्विचवर हिरवा गंज दिसतो आहे, तो दिवाळीआधी बदलायचा.